म्हैसूरचा इतिहास आणि रासायनिक अभिक्रियेचा धडा

इयत्ता सातवीच्या विज्ञानात भौतिक व रासायनिक बदलांचे प्रकरण येते. माध्यमिक वर्गांत त्याच विषयाचा विस्तार होतो आणि रासायनिक अभिक्रियांचे चार प्रकार विद्यार्थ्यांसमोर येतात : संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन. चार व्याख्या, चार समीकरणे आणि उत्तरपत्रिकेतील चार गुण, एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी हा विषय आटोपतो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण त्या व्याख्येच्या मागे डोळ्यांनी पाहिलेले असे काहीच नसते.

ज्या म्हैसूर शहरात आपली शाळा हीरक महोत्सव साजरा करीत आहे, त्या शहराच्या आणि जुन्या म्हैसूर संस्थानाच्या गेल्या शतकातील इतिहासात मात्र हे चारही प्रकार सापडतात. ते कारखान्यात घडले, सुपारीच्या बागेत घडले आणि मतदारांच्या बोटावरही घडले. मी इतिहासाची शिक्षिका आहे. विज्ञानाचा हा धडा इतिहासाच्या वाटेने गेल्यास मुलांना अधिक लवकर उमगतो, असे मला अनेक वर्षांच्या अध्यापनातून वाटत आले आहे. माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर तोच विचार येथे मांडत आहे.

चंदनाचे तेल : बदल भौतिक की रासायनिक?

म्हैसूरचे नाव घेताच चंदन आठवते. चंदनाचा वृक्ष टिपू सुलतानाच्या काळापासून सरकारी मालकीचा मानला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानातील चंदनाचे लाकूड लिलावाने विकले जाई व त्यातील मोठा भाग जर्मनीत जाऊन तेथे त्याचे तेल काढले जाई. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हा व्यापार एकाएकी थांबला. त्या वेळी संस्थानाचे दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेले आणि मुंबई इलाख्यात दीर्घकाळ सेवा केलेले विश्वेश्वरय्या मराठी वाचकांना परके नाहीत. विकत घेणारा नसेल तर तेल आपणच काढावे, असे ठरले. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील रसायनशास्त्रज्ञांनी त्याची पद्धत बसवून दिली. १९१६ च्या सुमारास आधी बंगळूरला व नंतर म्हैसूरला चंदनतेलाचे उत्पादन सुरू झाले.

या तेलाच्या निर्मितीत रासायनिक अभिक्रिया कोठे आहे, असा प्रश्न वर्गात विचारावा. बहुतेक हात वर होतात आणि बहुतेक उत्तरे चुकतात. चंदनाच्या गाभ्याचा व मुळांचा भुसा करून त्यातून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर सुगंधी तेल बाहेर येते, वाफ थंड केली की पाणी आणि तेल वेगळे होतात. जे तेल लाकडात होते तेच बाटलीत आले. नवा पदार्थ झालाच नाही, केवळ असलेला पदार्थ वेगळा काढला. हा भौतिक बदल होय.

पुढे बंगळूरच्या सरकारी कारखान्यात या तेलाचा सुगंध दिलेला साबण तयार होऊ लागला. तेथे मात्र प्रकार निराळा आहे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून साबण व ग्लिसरीन तयार होतात. साबणाचे गुण तेलाचेही नाहीत आणि सोड्याचेही नाहीत. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, तेलाने हात चिकट होतात, आणि त्या दोघांपासून झालेला साबण हात स्वच्छ करतो. आरंभीच्या पदार्थांना आपण अभिक्रियाकारके म्हणतो व नव्याने झालेल्या पदार्थांना उत्पादिते. वडीतील चंदनाचा वास भौतिक मिश्रणाने आलेला, आणि साबण मात्र अभिक्रियेने झालेला. एका वडीत दोन्ही बदल दिसतात, म्हणून प्रकरणाचा आरंभ येथून करणे सोयीचे पडते.

भद्रावतीचे लाकूड : अपघटन

शिवमोग्याजवळील भद्रावती येथे संस्थानाने लोखंडाचा कारखाना उभारला. १९२३ साली तेथे उत्पादन सुरू झाले. या कारखान्याचे मूळ नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे : मैसूर वुड डिस्टिलेशन अँड आयर्न वर्क्स. जवळपास दगडी कोळसा नव्हता, अरण्य मात्र विपुल होते. म्हणून लाकडाचा कोळसा करून त्यावर लोहखनिज वितळविण्याची योजना झाली.

चंदनाचा भुसा वाफेत ठेवला तेव्हा लाकूड लाकूडच राहिले. भद्रावतीत लाकूड बंद पात्रात, हवा लागू न देता, तीव्र उष्णतेने तापविले जाई. येथे लाकडातील घटक पदार्थच मोडत. मागे कोळसा राहतो आणि वाफांमधून डांबर, मेथिल अल्कोहोल, ॲसिटिक आम्ल असे पदार्थ मिळतात. त्यांतील पुष्कळसे पदार्थ मूळ लाकडात त्या रूपात नव्हतेच. दोन्ही ठिकाणी इंग्रजी शब्द डिस्टिलेशन हाच, पण एके ठिकाणी पदार्थ वेगळा काढला गेला, दुसऱ्या ठिकाणी उष्णतेने पदार्थाचे विघटन होऊन अनेक नवे पदार्थ झाले. पाठ्यपुस्तकातील अपघटनाच्या उदाहरणात एकाच संयुगापासून दोन किंवा अधिक पदार्थ होतात. लाकूड हे एक संयुग नसून अनेक संयुगांचे बनलेले असते, एवढा फरक सांगून हे उदाहरण द्यावे. त्यानंतर चुनखडीची भट्टी सांगितली की नेमके समीकरण येते : चुनखडी तापविली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड.

कोळेरोग आणि मोरचूद : दोन प्रकार एका घागरीत

या सर्व इतिहासात मुलांना सर्वाधिक गुंगवून टाकणारी हकिकत सुपारीच्या बागेतील आहे. मलनाडच्या पावसात सुपारीची कोवळी फळे कुजून गळत आणि काही वर्षी बागांचे उत्पन्नच बुडे. कन्नडमध्ये या रोगाला कोळेरोग म्हणतात, आणि कोकणातील बागायतदारही हाच शब्द वापरतात. रोगाबरोबर शब्दही घाट उतरून खाली गेला. पावसापासून बचाव व्हावा म्हणून घोसांवर झावळ्यांची आच्छादने बांधण्याची जुनी रीत होती. ते काम उंच झाडावर चढून करावयाचे, म्हणजे खर्चाचे आणि जिवावरचे.

१९०८ साली लेस्ली कोलमन हे कॅनडाचे तरुण शास्त्रज्ञ म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आले. त्यांनी कोळेरोगाचा अभ्यास करून तो बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो हे स्पष्ट केले आणि बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचा उपाय संस्थानातील बागायतदारांत रुजविला. हे मिश्रण मूळचे फ्रान्समधील. बोर्डो परिसरात रस्त्याकडेची द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर रोग कमी पडतो हे मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्यांनी ते जगापुढे मांडले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनाही हे मिश्रण चांगले परिचयाचे आहे.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि १ किलो चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात, असे वेगवेगळे कालवून मग दोन्ही एकत्र करतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, कालवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. एकत्र येताच ते जोडीदार बदलतात :

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया. मोरचुदाचे स्वच्छ निळे द्रावण पाहता पाहता आकाशी रंगाचे गढूळ मिश्रण होते, कारण झालेला कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण फळावर चिकटून राहतात आणि तांबे अल्प प्रमाणात सावकाश सुटत राहून रोगाला आवर घालते. नुसते मोरचूद फवारले तर पाने करपतात. चुना घालण्याचे कारण हेच.

आता चुना पुरेसा झाला की नाही, हे बागायतदाराने कसे ओळखावे? त्याच्याजवळ प्रयोगशाळा नाही. तो एक घासून स्वच्छ केलेला लोखंडी विळा किंवा चाकू मिश्रणात बुडवितो. थोड्या वेळाने पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद अजून मोकळे आहे, चुना वाढवावयास हवा. पाते जसेच्या तसे राहिले तर मिश्रण तयार झाले. हा तांबूस थर तांब्याचाच. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते कॉपर सल्फेटमधील तांब्याला बाहेर काढून त्याची जागा घेते. हीच विस्थापन अभिक्रिया :

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

सातवीच्या वर्गात मोरचुदाच्या द्रावणात दाढीचे पाते टाकून हाच प्रयोग करतात. निळा रंग हिरवट होतो आणि पात्यावर तांबूस थर चढतो. मुले पाहतात, वहीत लिहितात, आणि पुढे? पुष्कळांना हा शाळेतच घडणारा चमत्कार वाटतो. पाऊस तोंडावर आलेला असताना याच परीक्षेवर वर्षाचे पीक सोपविणारा बागायतदार त्यांना भेटला, की त्या पात्याला अर्थ येतो. बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात का कालवू नये, या प्रश्नाचे उत्तर मग कोणी सांगावे लागत नाही, वर्गातून ते आपोआप येते.

बेळगोळचे खत : संयोग

संयोगाची कथा थोडक्यात सांगता येईल. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण पिकांना तो तसाच घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया तयार करून दाखविला आणि १९१३ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. स्वातंत्र्यापूर्वीच म्हैसूरजवळच्या बेळगोळ येथे मैसूर केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीने असा कारखाना काढला. सिंद्रीचा प्रचंड सरकारी खत कारखाना १९५१ साली सुरू झाला, त्याच्याही आधीचा हा उद्योग.

नायट्रोजन + हायड्रोजन → अमोनिया

दोन पदार्थ मिळून एकच पदार्थ झाला, म्हणून ही संयोग अभिक्रिया. पुढे अमोनिया आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्यापासून अमोनियम सल्फेट हे खत होते, तोही संयोगच. मात्र पहिला संयोग सहजासहजी होत नाही. त्याला फार मोठा दाब, उच्च तापमान आणि लोहाचे उत्प्रेरक लागते. नुसते पदार्थ एकत्र आणले म्हणजे अभिक्रिया घडतेच असे नाही, ही गोष्ट मुलांना येथे सांगता येते.

बोटावरची शाई : दोन अभिक्रिया, एक खूण

१९३७ साली महाराज नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात म्हैसूर शहरात मैसूर लॅक अँड पेंट वर्क्स हा कारखाना निघाला. संस्थानाच्या जंगलातील लाखेवर आधारलेला हा उद्योग स्वातंत्र्यानंतर सरकारी झाला आणि आज मैसूर पेंट्स अँड वार्निश या नावाने ओळखला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तयार केलेल्या सूत्रानुसार या कारखान्याने मतदानाची न पुसणारी शाई बनविली आणि १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत ती वापरात आली. तेव्हापासून देशभरच्या निवडणुकांना म्हैसूरची शाई जाते, अनेक परदेशांनाही जाते. १० मिलिलिटरच्या एका कुपीत सुमारे ७०० मतदारांच्या बोटांवर खूण करता येते. आपली शाळा आणि ही शाई एकाच दशकातल्या आहेत, असे मी मुलांना सांगते.

शाईतील मुख्य पदार्थ सिल्व्हर नायट्रेट. आपल्या त्वचेवर घामातील मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, असतेच. दोघांची गाठ पडताच पुन्हा जोडीदार बदलतात :

सिल्व्हर नायट्रेट + सोडियम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड + सोडियम नायट्रेट

सिल्व्हर क्लोराइड पाण्यात विरघळत नाही. ही दुहेरी विस्थापन अभिक्रिया झाली. त्यानंतर प्रकाशाचे काम सुरू होते. प्रकाशात सिल्व्हर क्लोराइड मोडून चांदीचे अतिसूक्ष्म कण मोकळे होतात आणि ते काळसर दिसतात. हे प्रकाशामुळे घडणारे अपघटन. जुन्या काळी छायाचित्राची फिल्म प्रकाशात काळी पडे, त्यामागेही चांदीच्या क्षारांचा हाच गुण होता.

ही खूण साबणाने का जात नाही, याचे उत्तर आता मुले स्वतः देऊ शकतात. साधी शाई त्वचेवर बसते आणि धुतली की निघते. येथे नवा, न विरघळणारा पदार्थ त्वचेतच तयार झालेला असतो. त्वचेचा तो थर झडून जाईल आणि नख वाढून पुढे सरकेल, तेव्हाच खूण जाईल. एका माणसाने दोनदा मत देऊ नये, ही लोकशाहीची अगदी मूलभूत गरज. ती या देशात मिठाच्या आणि चांदीच्या एका अभिक्रियेने भागविली आहे. नागरिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन तास येथे एक होतात.

वर्गात शिक्षकांनी स्वतः मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे काही थेंब टाकून दाखवावेत. दह्यासारखा पांढरा अवक्षेप तत्काळ खाली बसतो. ती परीक्षानळी उन्हात ठेवली की पांढरा रंग हळूहळू जांभळट-करडा होऊ लागतो. तासाच्या आरंभी एक अभिक्रिया, तास संपण्यापूर्वी दुसरी. सिल्व्हर नायट्रेटचे डाग हातावर व कपड्यावर पडतात, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये.

शब्दांमागची मेहनत

पालक मला नेहमी एक प्रश्न विचारतात : ही सगळी परिभाषा मराठीत शिकून पुढे पदवीपूर्व महाविद्यालयात, जेथे सारे इंग्रजीत आहे, तेथे मुलाचे काय होणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून मराठी माध्यमाची शाळा चालविता येणार नाही.

मराठीत रसायनशास्त्र लिहिण्याची परंपरा आज-कालची नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रासह अनेक विज्ञानविषयांवर मराठी ग्रंथ लिहिले. त्या काळी शब्दच नव्हते, ते घडवावे लागले. पुढच्या पिढ्यांनी प्राणवायू, नत्र, उज्ज, कर्बद्विप्राणिद असे शब्द वापरले. या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांतील काही शब्द अद्याप आठवत असतील. आता त्या जागी ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन आले आहेत. पदार्थांची नावे बदलली, परंतु क्रियांची नावे मराठीच राहिली, आणि ते योग्यच झाले. विस्थापन हा शब्द ऐकताच धरणामुळे विस्थापित झालेले गाव मुलाला आठवते. कोणी तरी जागा घेतली आणि कोणाला तरी जागा सोडावी लागली, हा अर्थ शब्दातच दिसतो. शेजारच्या कन्नड शाळेतील मूल याच अभिक्रियेला स्थानपल्लट म्हणते, त्यात आपला पालट ऐकू येतो. दोन्ही शब्द आमच्या मुलांना कळतात, आणि म्हैसूरमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाची ही मिळकत आहे.

म्हणून पालकांना माझे उत्तर असे. पात्यावर तांबे का चढले हे ज्याला मराठीत समजले, त्याला पुढे त्याचे इंग्रजी नाव शिकावयास एक दिवस पुरतो. ज्याने नुसते इंग्रजी नाव पाठ केले, त्याला ते समजावयास कधी कधी पदवीपर्यंत थांबावे लागते. आठवीपासून प्रत्येक पारिभाषिक शब्दाजवळ त्याचे इंग्रजी रूप लिहून घेण्याची शिस्त मात्र शाळेने पाळलीच पाहिजे. त्यात हयगय झाली तर पालकांची भीती खरी ठरेल.

पुढील वाटचालीसाठी

१९६३ साली म्हैसूरमध्ये प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. आज ते प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते आणि दक्षिण भारतातील विज्ञानशिक्षकांच्या अनेक पिढ्या तेथे घडल्या. विज्ञान करून शिकावे, हा विचार आपल्या शहराला नवा नाही. उणीव आहे ती त्या विचाराला वर्गात वेळ आणि साहित्य मिळण्याची. वर उल्लेखिलेल्या प्रयोगांना लागते ते मोरचूद, चुना, मीठ, एक लोखंडी पाते आणि थोडे सिल्व्हर नायट्रेट. एवढ्यासाठी मोठ्या देणगीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षानळी स्वतःच्या हातात धरता येईल इतक्या लहान गटांची आणि त्यासाठी वेळापत्रकात सलग दोन तासांची.

माजी विद्यार्थ्यांना या निमित्ताने एक विनंती. आपल्यापैकी कोणी रंगांच्या, साबणाच्या किंवा खतांच्या कारखान्यात काम करतात, कोणी औषधांच्या व्यवसायात आहेत, कोणाची सुपारीची वा द्राक्षाची बाग आहे. वर्षातून एक तास सातवी-आठवीच्या मुलांसमोर येऊन आपल्या कामात कोणता पदार्थ कशाचा होतो, एवढेच सांगावे. शक्य असल्यास सोबत थोडे साहित्य आणावे. त्या तासाचे नियोजन शाळेचे विज्ञान शिक्षक करतील. हीरक महोत्सवाच्या वर्षापासून हा उपक्रम नियमित व्हावा अशी आमची इच्छा आहे, आणि पहिल्या तासाला बोर्डो मिश्रण ठेवावे असे आम्ही ठरविले आहे.